एका माणसाची दोन खाती

पणजीला जाऊन आलेल्या बहुतेकांनी तो पुतळा पाहिलेला असतो. मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या कडेला, पायघोळ झगा घातलेला एक उंच पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री मागे कलंडलेली आहे. नवख्या माणसाला पहिल्यांदा थोडी भीतीच वाटते. हा पुतळा आबे फारियाचा. बारदेशातल्या कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेला हा गोंयकार पॅरिसला गेला आणि तिथे त्याने संमोहनविद्येचे प्रयोग करून दाखवले. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली हा पुतळा घडवला.

बँकेच्या नोकरीत माझी तीन वर्षे पणजीत गेली. संध्याकाळी शाखा बंद झाली की मी या पुतळ्यावरून चालत घरी जात असे. आमच्या शाखेत एक वयस्क खातेदार येत. पोर्तुगीज उत्तम जाणणारे, जुन्या पुस्तकांचे वेडे. फारियाचा विषय निघाला की ते हटकून सांगत की, याच्यावर लिस्बनच्या एका डॉक्टराने १९२५ साली अख्खे पुस्तक लिहिले आहे. डॉक्टराचे नाव एगास मोनिझ. त्या वेळी मी ते नाव ऐकले आणि सोडून दिले.

तेच नाव दुसऱ्यांदा कानावर पडले ते १९९६ साली, पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, सकाळी दाढी करता करता डोक्यात कळ आली आणि तो तिथेच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाल्याचे निदान झाले, पण रक्त नेमके कुठून येते हे कळल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येत नव्हती. मग अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि वहिनींना व मला आत बोलावले. कवटीच्या फिकट सावलीत पानगळ झालेल्या झाडासारख्या काळ्या फांद्या पसरल्या होत्या. त्या दादाच्या मेंदूतल्या धमन्या होत्या. एका फांदीच्या बेचक्यात करवंदाएवढा एक फुगवटा दिसत होता. डॉक्टरांनी पेन्सिलीचे टोक त्यावर टेकवले. एवढे करवंद चिमट्यात धरायचे, म्हणजे पुढचा धोका टळेल, असे त्यांनी समजावले. वहिनी त्या फिल्मकडे बराच वेळ पाहत राहिल्या. दोन दिवस ज्या शत्रूला तोंड नव्हते, त्याला आता निदान तोंड मिळाले होते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. दादा त्यानंतर वीस वर्षांहून अधिक जगला, नातवंडांना त्याने सायकल शिकवली. घरी सोडताना त्या तरुण डॉक्टरांना मी विचारले की, ही जिवंत मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढण्याची युक्ती कोणाची? त्यांनी सांगितले की, पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांची. मला पणजीचा पुतळा आठवला. त्यानंतर मी या माणसाविषयी मिळेल ते वाचायला लागलो. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण ती सरळ नाही. ज्या माणसाने दादाला वाचवले असे मी मनाशी म्हणत होतो, त्याच माणसाच्या नावावर दुसरे एक खाते निघाले, आणि ते पाहून माझी झोप उडाली.

पोर्तुगालच्या उत्तरेकडे आवांका नावाचे खेडे आहे. तिथल्या एका जमीनदार घराण्यात २९ नोव्हेंबर १८७४ रोजी या मुलाचा जन्म झाला. बाराव्या शतकातल्या एगास मोनिझ नावाच्या वीरपुरुषाची आठवण म्हणून मुलाच्या नावाला ते नाव जोडले गेले, आणि पुढे जग त्याला त्याच नावाने ओळखू लागले. कोइंब्राच्या जुन्या विद्यापीठात तो वैद्यक शिकला. मग बोर्दो आणि पॅरिस इथे जाऊन मज्जाविकारांचा अभ्यास केला. एल्विरा यांच्याशी त्याचे लग्न झाले. त्यांना मूलबाळ झाले नाही.

ऐन विशीतच त्याला संधिवाताच्या जातीच्या गाऊट या रोगाने गाठले. हाताची बोटे हळूहळू वाकडी होत गेली. डॉक्टर माणसाचे हातच असे अधू झाल्यावर दुसरा एखादा खचला असता. मोनिझ राजकारणात शिरले! राजेशाहीच्या विरोधात बोलणारे खासदार म्हणून त्यांनी नाव मिळवले. १९०८ साली एका फसलेल्या उठावापायी त्यांना तुरुंगातही जावे लागले. १९१० साली राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि १९११ साली लिस्बनच्या नव्या विद्यापीठात ते मज्जाविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण राजकारण सुटले नव्हते. स्पेनमध्ये राजदूत, मग परराष्ट्रमंत्री आणि पहिले महायुद्ध संपल्यावर पॅरिसच्या शांतता परिषदेत पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचे प्रमुख, अशी त्यांची चढती कमान होती. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष सिदोनिओ पाइश यांची हत्या झाली, वारे फिरले आणि लवकरच मोनिझ सक्रिय राजकारणातून बाहेर पडले. तेव्हा ते पंचेचाळिशीला आलेले होते. आपल्याकडे या वयात माणसे निवृत्तीनंतरच्या घराचा नकाशा काढू लागतात. मोनिझ यांचे खरे काम अजून सुरूही व्हायचे होते.

त्या काळची अडचण काय होती, हे नीट समजून घ्यायला हवे. राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि मोडलेले हाड, गिळलेले नाणे, हे सगळे दिसू लागले. मेंदू मात्र दिसेना. कवटीचे हाड दिसायचे, पण आतला मऊ मेंदू आणि त्यात वाढलेली गाठ यांची सावली सारखीच पडायची. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचीही तीच गत. गाठ कुठे आहे हे डॉक्टरांनी रुग्णाच्या लक्षणांवरून ताडायचे. कोणता हात लुळा पडला, कोणत्या डोळ्याला दिसेनासे झाले, यावरून अंदाज बांधायचा आणि कवटी उघडायची. अंदाज चुकला तर भलत्याच ठिकाणी भोक पडायचे.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली एक उपाय काढला. मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांतला द्रव काढून तिथे हवा भरायची आणि एक्स-रे घ्यायचा. पोकळी दबलेली किंवा सरकलेली दिसली की गाठीचा पत्ता लागतो. युक्ती मोठीच होती. पुढच्याच वर्षी कण्यातून हवा सोडण्याची रीतही डँडी यांनी दाखवली. पण रुग्णाचे हाल कुत्रा खाईना. असह्य डोकेदुखी, ओकाऱ्या, आणि कधी कधी जिवावर बेतायचे. फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी १९२१ च्या सुमारास कण्याच्या पोकळीत आयोडीनयुक्त तेल सोडून मज्जारज्जूवरचा दाब एक्स-रेवर दाखवला. तेव्हा मोनिझ यांच्या डोक्यात विचार आला की, मेंदू दिसत नसेल, तर मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या दाखवता येतील का? गाठ वाढली की शेजारच्या धमन्यांना ती बाजूला ढकलणारच. नदीचे पात्र वळलेले दिसले की मध्ये टेकडी आहे हे कळते, तसेच हे.

धमनीत असे काहीतरी सोडायचे की जे क्ष-किरणांना अडवेल, पण रुग्णाला मारणार नाही. वयाच्या पन्नाशीनंतर मोनिझ या शोधाला लागले. त्यांची वाकडी बोटे सुई धरू शकत नव्हती. त्यांचा तरुण सहकारी आल्मेदा लिमा त्यांचे हात झाला. आधी ससे आणि कुत्रे यांच्यावर प्रयोग झाले. मग मृतांच्या शिरांच्या धमन्यांत औषध भरून एक्स-रे काढले गेले, म्हणजे जिवंत माणसात काय दिसायला हवे याचा नकाशा तयार झाला. त्यानंतर माणसांची पाळी आली. सुरुवातीला स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरले. चित्र धड उमटेना. मानेतली धमनी उघडी करून, रक्तप्रवाह क्षणभर थांबवून औषध सोडले, तेव्हा कुठे अंधूक काही दिसले. पण तो रुग्ण दगावला.

मोनिझ यांनी काम थांबवले. ब्रोमाइड सोडून सोडियम आयोडाइड घेतले, कारण आयोडीनचा अणू जड, त्यामुळे सावली अधिक गडद पडते. पंचवीस टक्क्यांचे द्रावण पुन्हा प्राण्यांवर तपासले. २८ जून १९२७ रोजी लिस्बनच्या सांता मार्ता रुग्णालयात वीस वर्षांचा एक तरुण टेबलावर होता. त्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ होती. लिमांनी औषध सोडले, एक्स-रे घेतला गेला आणि फिल्म धुऊन बाहेर आली. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या तीवर स्पष्ट उमटल्या होत्या, आणि गाठीने त्या बाजूला सारलेल्या होत्या. पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या मज्जाविकारतज्ज्ञांपुढे मोनिझ यांनी हे चित्र ठेवले. श्रोत्यांत बाबिन्स्कींसारखे बुजुर्ग होते. टाळ्या पडल्या.

नंतरच्या सात-आठ वर्षांत मोनिझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला घोटून घोटून आकार दिला. गाठ कोणत्या जातीची, रक्तवाहिनी तुंबली कुठे, फुगली कुठे, हे सगळे वाचण्याची जणू बाराखडीच तयार झाली. दादाच्या डोक्यात जे करवंद दिसले, तसला फुगवटा मोनिझ यांनी १९३३ साली जिवंत रुग्णाच्या फिल्मवर दाखवला होता. साठ-बासष्ट वर्षांनी ती बाराखडी आमच्या घराच्या कामी आली.

इथेही एक डाग आहे, तो लपवू नये. १९३१ पासून मोनिझ यांनी थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य वापरायला घेतले. चित्र सुरेख यायचे आणि रुग्णाला त्रासही होत नसे. जगभरच्या डॉक्टरांनी ते उचलले. पण त्यात थोरियम होते आणि थोरियम किरणोत्सर्गी असते. ते यकृतात जाऊन बसायचे ते जन्मभर. कित्येकांना वीस-तीस वर्षांनी त्यापायी कर्करोग झाला. तत्काळ त्रास नाही म्हणजे त्रासच नाही, असे समजण्याची ही चूक लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

मोनिझ यांच्या जागी दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव या कामाबद्दल सुचवले गेले होते, पण ते मिळाले नव्हते. १९३५ च्या उन्हाळ्यात ते लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेले. तिथे अमेरिकेच्या फुल्टन आणि जेकबसन यांनी चिंपांझींवरचे प्रयोग सांगितले. मेंदूचा पुढचा भाग काढल्यावर त्यांतली एक चिडखोर मादी शांत झाली होती. मोनिझ यांच्या मनात आधीपासून घोळणाऱ्या कल्पनेला यामुळे बळ मिळाले असावे. वेडाच्या रुग्णांत तेच ते विचार फिरत राहतात, म्हणजे मेंदूतल्या जोडण्या घट्ट बसल्या आहेत, तेव्हा त्या तोडल्या तर रुग्ण सुटेल, असा त्यांचा तर्क होता.

१२ नोव्हेंबर १९३५ रोजी, त्याच सांता मार्ता रुग्णालयात, पहिली शस्त्रक्रिया झाली. हात पुन्हा आल्मेदा लिमांचेच. रुग्ण त्रेसष्ट वर्षांची एक स्त्री. कवटीला वरून दोन भोके पाडून मेंदूच्या पुढच्या भागात अल्कोहोल सोडले. नंतर तारेचा फास असलेले एक हत्यार तयार केले आणि त्याने आतले धागे कापू लागले. चार महिने होतात न होतात तोच, मार्च १९३६ मध्ये, मोनिझ यांनी वीस रुग्णांचा हिशेब पॅरिसमध्ये मांडला. सात बरे, सात सुधारले, सहांत फरक नाही.

बँकेत कर्ज दिल्यावर पहिला हप्ता येण्याआधीच खाते उत्तम आहे असा शेरा मारणारा अधिकारी मी पाहिला आहे. त्या शेऱ्याला जेवढी किंमत, तेवढीच या हिशेबाला. काही रुग्णांना तर शस्त्रक्रियेनंतर काही आठवडेच पाहिले होते. शांत झाले म्हणजे बरे झाले, असे धरले गेले. ज्या मनोरुग्णालयातून हे रुग्ण येत होते, तिथले प्रमुख सोब्राल सिद यांना हे पटले नाही. या माणसांचे व्यक्तिमत्त्वच खचले आहे असे त्यांचे मत पडले आणि त्यांनी आणखी रुग्ण पाठवायला नकार दिला. पण त्यांचा आवाज लिस्बनबाहेर फारसा गेला नाही. गेला तो मोनिझ यांचा.

न्याय करायचा तर काळही पाहिला पाहिजे. तेव्हा मानसिक रोगांवर परिणामकारक औषध नव्हते. मनोरुग्णालये कोंडवाड्यांसारखी भरली होती. माणसे साखळदंडात आणि खोल्यांत वर्षानुवर्षे पडून असायची. घरचे लोक कशालाही तयार होते. अशा वेळी जगाने या शस्त्रक्रियेवर झडप घातली. वॉशिंग्टनचे वॉल्टर फ्रीमन यांनी १९३६ सालीच ती अमेरिकेत नेली, तिला लोबोटॉमी हे नाव दिले आणि १९४६ पासून तर डोळ्याच्या खोबणीतून टोकदार हत्यार घालून ती उरकू लागले. आपल्याकडे बंगळूरच्या मनोरुग्णालयातही १९४० च्या दशकात ती झाली. हजारो माणसे तिच्यातून गेली. काही खरोखर घरी परतली. पण कित्येकांचे हसणे, रुसणे, आवड, उमेद सारे विझून गेले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांच्या बहिणीवर, रोझमेरीवर, १९४१ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी ही शस्त्रक्रिया झाली. तिला नीट चालता-बोलता येईना. २००५ साली मृत्यू येईपर्यंत ती संस्थेच्या देखभालीत राहिली.

मोनिझ यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी तिखटमीठ लावून सांगितली जाते. १९३९ च्या मार्चमध्ये त्यांच्या तपासणीच्या खोलीत एका मनोरुग्णाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तो शस्त्रक्रिया झालेला रुग्ण होता, नियतीने सूड घेतला, असे सांगणाऱ्याला बरे वाटते. पण तो तसा नव्हता. त्याच्यावर ती शस्त्रक्रिया झालेलीच नव्हती. मोनिझ बरे होऊन पुन्हा कामाला लागले. आयुष्य कादंबरीसारखे हिशेब चुकते करत नाही, हे कादंबऱ्या लिहिणाऱ्याने तरी मान्य करावे.

उलट १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, स्वित्झर्लंडच्या हेस यांच्याबरोबर विभागून. पोर्तुगालचे ते पहिले नोबेल. आणि ते मिळाले कशाबद्दल? ज्या चित्राने लाखोंचे प्राण वाचायचे होते त्याबद्दल नव्हे, तर मेंदूचे धागे कापण्याबद्दल! तीनच वर्षांत, १९५२ च्या सुमारास, पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरले गेले आणि त्या शस्त्रक्रियेची सद्दी संपत गेली. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये मोनिझ वारले. नंतरच्या काळात शस्त्रक्रियेच्या बळींच्या नातलगांनी ते पारितोषिक मागे घ्यावे अशी मागणी केली. ते मागे घेतले गेलेले नाही.

अँजिओग्राफीची वेल मात्र वाढतच गेली. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी कापाकापी न करता, सुई आणि तारेच्या साहाय्याने धमनीत नळी सरकवण्याची रीत काढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला आणि मेंदू स्वतःच दिसू लागला. मग एमआरआय आला. कण्यातली सरकलेली चकती आता सुई न टोचता दिसते. तरीही धमनीतल्या फुगवट्याचा बारकाईने शोध घ्यायचा तर आजही नळी घालून अँजिओग्राफी करतात. एवढेच नव्हे, त्याच नळीतून फुगवट्यात तारेची वेटोळी भरतात, आणि पक्षाघात झालेल्याच्या मेंदूतली गुठळी ओढून काढतात. बोलणे बंद पडलेला माणूस टेबलावरून उतरताना बायकोला नावाने हाक मारतो, हे आता घडू शकते.

मग एकाच माणसाने हे आणि ते कसे केले? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. अँजिओग्राफीत मोनिझ यांच्यासमोर एक कडक साक्षीदार उभा होता. ती फिल्म. चित्र उमटले नाही की ती तोंडावर नाही म्हणायची. रुग्ण दगावला की थांबावे लागायचे. दुसऱ्या कामात असा साक्षीदारच नव्हता. शस्त्रक्रिया ठरवणारे तेच, शेरा मारणारेही तेच. आणि जो खरा साक्षीदार होता, म्हणजे तो रुग्ण, त्याचे म्हणणे विचारायची पद्धत नव्हती. वेड्याला काय विचारायचे?

इथे मला पुन्हा पणजीचा पुतळा आठवतो. फारियाचे मोठेपण कशात होते? संमोहन करणाऱ्याच्या बोटांतून कसलीशी चुंबकीय शक्ती वाहते, असे तेव्हाचे लोक मानत. फारियाने सांगितले की, शक्ती माझ्यात नाही, जे घडते ते समोरच्याच्या मनात घडते. पसरलेल्या हातांचा तो माणूस स्वतःच्या हातांचे श्रेय नाकारत होता. मोनिझ यांनी १९२५ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले, म्हणजे हे त्यांना माहीत होते. दहा वर्षांनी समोरच्याच्या मनाला तारांची जुडी समजून कापताना ते त्यांना आठवले नाही.

पोर्तुगालने १९८९ साली दहा हजार एस्कुदोंच्या नोटेवर मोनिझ यांचे चित्र छापले. नोटा जमवणाऱ्या एका स्नेह्याच्या संग्रहात मी ती पाहिली आहे. २००२ साली युरो आला आणि एस्कुदो चलनातून गेला. नोट उजेडासमोर धरून पाहण्याची सवय हाताला अजून आहे, तशी ती धरली. एखाद्या ग्राहकाचे एका खात्यात येणे आणि दुसऱ्यात देणे असेल तर बँक दोन्ही एकत्र करून वजाबाकी करू शकते. दादाच्या त्या वीस वर्षांतून रोझमेरीची साठ वर्षे वजा करायला मात्र मला जमत नाही. ती दोन्ही खाती मी वेगळीच ठेवली आहेत.

दादाची फिल्म वहिनींनी कपाटात जपून ठेवली आहे. दिवाळीच्या साफसफाईत ती दर वर्षी बाहेर निघते, खिडकीशी धरून पाहिली जाते आणि पुन्हा पाकिटात जाते.